एकत्र बसून वाचलेला इतिहास

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासलेखनाचे जनक म्हणून कार्टर वुडसन यांचं नाव घेतलं जातं. १९१२ साली हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवणारे ते दुसरे कृष्णवर्णीय. पण इतिहासाचे त्यांचे पहिले धडे झाले ते त्याच्या जवळपास वीस वर्षं आधी, वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या खाणींवर. वुडसन यांचे आईवडील गुलामीत जन्मलेले. घरची गरिबी होती, म्हणून सोळा-सतराव्या वर्षी ते खाणीत उतरले. तिथे ऑलिव्हर जोन्स नावाचे एक वडीलधारे कामगार होते. यादवी युद्धात ते सैनिक म्हणून लढले होते. त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण घरात पुस्तकं होती आणि कृष्णवर्णीयांनी चालवलेली वर्तमानपत्रं ते वर्गणी भरून मागवत. दिवसभराचं काम आटोपलं की खाणकामगार त्यांच्या घरी जमत. जोन्स त्यांना फळं, आइस्क्रीम विकत. या पोराला वाचता येतं हे कळल्यावर त्यांनी सांगून टाकलं की तू आम्हाला वाचून दाखव, खाण्याचे पैसे तुला माफ.

मग वुडसन वाचू लागले. युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय पलटणींबद्दल, आयात-जकातीबद्दल, सोन्या-चांदीच्या चलनावरून तेव्हा पेटलेल्या वादाबद्दल. ऐकणाऱ्यांत त्या युद्धातले जुने सैनिक होते. पुस्तकात जे छापलं होतं ते त्यांनी अंगावर झेललेलं होतं. त्यामुळे वाचणाऱ्याला मधेच थांबवण्याचा, दुरुस्त करण्याचा, भर घालण्याचा अधिकार त्यांच्याकडे आपोआप होता. आपण एकट्यासाठी जेवढं वाचलं असतं त्याहून कितीतरी जास्त या माणसांसाठी वाचावं लागलं आणि त्यातून आपणच घडलो, असं वुडसन यांनी पुढे आवर्जून नोंदवलं आहे.

मला या घराबद्दल आस्था आहे ती केवळ हळवेपणातून नाही. आफ्रिकन वंशाच्या लोकांनी, मग ते आफ्रिकेत असोत की अमेरिका-कॅरिबियनमध्ये, स्वतःला ओळखण्याचं जे मोठं काम गेल्या दोनशे वर्षांत केलं, त्याचा फार मोठा भाग अशाच बैठकांमध्ये झाला आहे. घरात, चर्चच्या खोलीत, ग्रंथालयाच्या तळघरात, वस्तीच्या कोपऱ्यावर. विद्यापीठं नंतर आली. आणि ती आल्यावरही या अभ्यासमंडळांची गरज संपलेली नाही. शाळा मिळत नव्हती म्हणून केलेली ती तात्पुरती सोय होती, असं समजणं ही मोठी गफलत आहे. जे ज्ञान आपल्याविषयी आहे, ते तपासण्याचा हक्क आपल्या हातात ठेवण्याची ती जागा आहे. तशी दुसरी जागा अजून कुणी उभी केलेली नाही.

ही गरज का पडली हे नीट समजून घ्यायला हवं. आफ्रिकेचा इतिहास शिकवायचा राहून गेला, असं झालेलं नाही. तो नाहीच, असं शिकवलं गेलं. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने एकोणिसाव्या शतकात बर्लिनमधल्या व्याख्यानांत आफ्रिकेला जगाच्या इतिहासातून सरळ वगळून टाकलं. ते जुन्या काळातलं म्हणून सोडून देऊ, तर १९६३ साली ऑक्सफर्डचे इतिहासाचे प्राध्यापक ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी तेच पुन्हा सांगितलं. पुढेमागे आफ्रिकेचा काही इतिहास शिकवण्याजोगा होईलही, आज मात्र तिथे आहे तो फक्त युरोपियनांचा इतिहास, असा त्यांचा सूर होता. ज्या वर्षी हे बोललं गेलं त्याच वर्षी केनिया स्वतंत्र झाला. दक्षिण आफ्रिकेत १९५३च्या बांटू शिक्षण कायद्याने तर कृष्णवर्णीय मुलांना किती शिकवायचं याची मर्यादाच घालून दिली. त्या कायद्यामागचा मेंदू असलेले फरवूर्ड उघड विचारत होते की ज्या मुलाला गणित वापरायची संधीच मिळणार नाही, त्याला गणित शिकवून काय करायचं. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांना लिहायला शिकवणं हा गुन्हा होता. साउथ कॅरोलिनाचा तसा कायदा १७४०चा आहे.

कायदे निदान डोळ्यांना दिसतात. कपाटांच्या मांडणीत लपलेला नकार दिसतही नाही. डोरोथी पोर्टर १९३०मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात ग्रंथपाल झाल्या, तेव्हा पुस्तकं लावायची ड्युई दशमान पद्धत सगळीकडे रूढ होती. अनेक ग्रंथालयांमध्ये कृष्णवर्णीय लेखकाचं पुस्तक आलं की त्याला दोनच क्रमांक मिळत. एक ३२६, म्हणजे गुलामगिरी. दुसरा ३२५, म्हणजे वसाहती. लेखक कृष्णवर्णीय आहे एवढ्यावरून कवितासंग्रहसुद्धा ३२५मध्ये जाऊन पडायचा! कविता कवितेत नाही, संगीत संगीतात नाही, तत्त्वज्ञान तत्त्वज्ञानात नाही. पोर्टर यांनी ही मांडणी मानली नाही. विषय आणि लेखक पाहून त्यांनी पुस्तकं नव्याने लावली आणि आयुष्याची चाळीसेक वर्षं त्या संग्रहात घातली. ग्रंथालयात जाणाऱ्या एका मुलीला आपल्या माणसांची सगळी बुद्धी ‘गुलामगिरी’ या एका फळीवर ठेवलेली दिसते, तेव्हा तिला कुणी वेगळं काही सांगायची गरजच उरत नाही. त्या फळीसमोर ती एकटी असेल तर ती ते मुकाट मान्य करते. चारचौघी असतील तर त्यातली एखादी तरी विचारते, हे इथे का?

चारचौघींचा उल्लेख मी मुद्दाम केला. या परंपरेची सगळ्यात जुनी उदाहरणं पाहिली तर त्यात बायका ठळकपणे दिसतात. फिलाडेल्फियात १८३१ साली कृष्णवर्णीय स्त्रियांनी एक साहित्यमंडळ काढलं. दक्षिणेत अजून गुलामगिरी जोरात होती, आणि उत्तरेतल्या मुक्त स्त्रियांनाही रस्त्यावर अपमान ठरलेला. मंडळाची पद्धत अशी होती की प्रत्येकीने लिहून आणायचं, नाव न घालता पेटीत टाकायचं. मग ते एकेक काढून मोठ्याने वाचलं जायचं आणि सगळ्यांसमोर त्याची चिकित्सा व्हायची. लिहिणारी कोण हे ठाऊक नसल्याने कुणाचा मान राखायचा प्रश्न नाही आणि कुणाला दुखवायची भीती नाही. मला ही पेटी आजच्या कितीतरी परिसंवादांपेक्षा शहाणपणाची वाटते. आपलं कौतुक करून घ्यायला जमलेल्या बायका असं करत नाहीत. त्यांना आपलं लिखाण खरंच टिकतं का ते पाहायचं होतं.

आता लिस्बनकडे येऊ, कारण तिथे गोव्याचाही धागा आहे. पोर्तुगालने वसाहतींतल्या निवडक विद्यार्थ्यांना राजधानीत शिकायला आणलं, ते पोर्तुगीज साम्राज्याचे निष्ठावंत अधिकारी घडवायला. ही मुलं पोर्तुगालच्या नद्या, राजे, खलाशी तोंडपाठ करून आली होती. अंगोला, गिनी, साओ टोमे यांच्याबद्दल मात्र त्यांना शाळेने काहीही शिकवलेलं नव्हतं. १९५१मध्ये यांतल्या काहींनी साओ टोमेच्या एस्पिरितो सांतो कुटुंबाच्या घरी रविवारी जमायला सुरुवात केली. नाव दिलं आफ्रिकन अभ्यास केंद्र. सालाझारची हुकूमशाही आणि गुप्त पोलीस डोक्यावर असताना ही मंडळी आफ्रिकेचा भूगोल, जमीन, शेती, भाषा, गुलामांचा व्यापार, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची स्थिती असे विषय वाटून घेत, टिपणं काढत आणि एकमेकांसमोर मांडत. त्या खोलीत आमिल्कार काब्राल होते, जे पुढे गिनी-बिसाऊ आणि केप व्हर्डेच्या मुक्तिलढ्याचे नेते झाले. आगोस्तिन्यो नेतो होते, अंगोलाचे पहिले राष्ट्राध्यक्ष. अंगोलाचे लेखक मारियो पिंतो द आंद्राद होते. आल्दा एस्पिरितो सांतो होत्या, ज्यांनी पुढे साओ टोमेचं राष्ट्रगीत लिहिलं.

ही नावं वाचून असं वाटतं की हे लोक मोठे होते म्हणून ते मंडळ मोठं. मला क्रम उलटा दिसतो. काब्राल शेतीशास्त्राचे विद्यार्थी होते. १९५३ साली सरकारी नोकरीत त्यांच्याकडे गिनीच्या शेतीची गणना करण्याचं काम आलं आणि ते गावोगाव फिरले. कोण काय पिकवतं, जमीन कुणाची, भुईमूग कुणाच्या गरजेसाठी लावला जातो, याच्या नोंदी त्यांनी घेतल्या. काम वसाहत सरकारचं, आकडेही सरकारचे. पण त्या आकड्यांना कोणते प्रश्न विचारायचे हे ते लिस्बनच्या बैठकींतून शिकून आले होते. माहिती हाताशी असणं आणि ती आपल्या बाजूने वाचता येणं यांत मोठं अंतर आहे. अभ्यासमंडळ ते अंतर कापतं.

गोव्याचे आकिनो द ब्रागांसा याच पोर्तुगीज वसाहतविरोधी वर्तुळातले. १९६१मध्ये कासाब्लांकात पोर्तुगीज वसाहतींतल्या मुक्तिसंघटनांनी एकत्र येऊन समन्वयाची जी परिषद उभारली, तिच्या कामात ते पुढे होते. मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर मापुतोच्या विद्यापीठात १९७६ साली आफ्रिकन अभ्यास केंद्र निघालं, त्याचे ते पहिले संचालक झाले. या केंद्राने सुरुवातीलाच विषय हाती घेतला तो दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींवर जाणाऱ्या मोझांबिकी मजुरांचा. संशोधक आणि विद्यार्थी मजुरांच्या घरी जाऊन माहिती गोळा करत होते. तिथे संशोधनाची धुरा सांभाळणाऱ्या रुथ फर्स्ट यांना १९८२मध्ये केंद्रातल्याच त्यांच्या खोलीत पार्सल बॉम्बने मारण्यात आलं. आकिनो १९८६ साली राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांच्यासोबत विमान अपघातात गेले. गोव्याच्या मुक्तीच्या गोष्टीत या माणसाला आपण जेवढी जागा देतो ती फारच थोडी आहे, हे इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एका अभ्यास केंद्रावर बॉम्ब पाठवावा असं कुणाला का वाटलं असेल? सत्तेला एकटा विद्वान सहसा जड जात नाही. त्याला पुरस्कार देता येतो, परदेशी पाठवता येतं, दुर्लक्ष करता येतं. वॉल्टर रॉडनी हे गयानाचे, लंडन विद्यापीठाचे डॉक्टरेट, वयाच्या पंचविशीत जमैकाच्या विद्यापीठात आफ्रिकन इतिहास शिकवायला आले. वर्गात शिकवत होते तोवर सरकारला अडचण नव्हती. पण ते किंग्स्टनच्या झोपडवस्त्यांत जाऊ लागले. कचऱ्याच्या ढिगात, गंजक्या पिंपावर बसून ते रास्ताफारी पंथाच्या लोकांशी आणि बेकार तरुणांशी आफ्रिकेबद्दल बोलत. बोलत, आणि ऐकतही. ऑक्टोबर १९६८मध्ये ते मॉन्ट्रियलच्या परिषदेहून परतले तेव्हा त्यांना विमानातून उतरूच दिलं नाही. दुसऱ्या दिवशी विद्यार्थी मोर्चा घेऊन निघाले, वस्त्यांतले लोक त्यात मिसळले आणि किंग्स्टन पेटलं. ज्या सरकारला विद्यापीठातला इतिहासाचा तास चालतो आणि वस्तीतला तोच तास सुरक्षेला धोका वाटतो, त्या सरकारला अभ्यासमंडळाची किंमत त्याच्या टीकाकारांपेक्षा जास्त कळलेली असते.

जमैकापुरतंच हे होतं असंही नाही. केनियात लिमुरूजवळच्या कामिरीथू गावात सत्तरच्या दशकात प्रौढ साक्षरतेचा वर्ग चालायचा. त्यातून गावकऱ्यांचं नाटक उभं राहिलं, गिकुयू भाषेत. लिहिणाऱ्यांत न्गुगी वा थिओंगो होते, पण संहिता गावकऱ्यांसमोर वाचली गेली तेव्हा म्हातारेकोतारे त्यांची भाषा सुधारू लागले. असं म्हातारा माणूस बोलत नाही, तेव्हा मजुरी एवढी नव्हती, मळ्यावर असं होत नसे. विद्यापीठातले प्राध्यापक गावात बसून आपलीच भाषा नव्याने शिकले. १९७७च्या अखेरीस स्वतंत्र केनियाच्या सरकारने प्रयोगांचा परवाना काढून घेतला आणि ३१ डिसेंबरला न्गुगींना अटक केली. १९८२ साली पोलिसांनी गावाने स्वतः बांधलेलं खुलं नाट्यगृह जमीनदोस्त केलं.

आता या मंडळांवरच्या आक्षेपाकडे वळतो. तो हलका नाही. जिथे चार दुखावलेली माणसं जमतात तिथे इतिहासापेक्षा सांत्वन लवकर तयार होतं. ‘तुमचा इतिहास नाही’ या खोट्याला ‘सगळं आमच्याकडूनच निघालं’ असं दुसरं खोटं उत्तर देण्याचा मोह पडतो, आणि काही मंडळांना तो पडलेलाही आहे. प्रत्येक पूर्वज राजा, प्रत्येक शोध आपला. मला हे घातक वाटतं, कारण अशा अभिमानाला एक पुरावा पुरतो आणि तो कोसळतो. शिवाय राजांचा शोध घेणाऱ्याला शेतकरी, लोहार, बाजारात बसणाऱ्या बायका दिसेनाशा होतात, म्हणजे बहुतेक सगळे पूर्वज.

पण हा दोष मंडळांच्या माथी मारताना विद्वानांच्या संस्थांनी काय केलं तेही पाहायला हवं. ग्रेट झिंबाब्वेची दगडी नगरी आफ्रिकनांनीच बांधली हे १९०५ साली रँडल-मॅकआयव्हर यांनी आणि १९२९ साली गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन यांनी उत्खननातून दाखवून दिलं होतं. तरी ऱ्होडेशियाचं, म्हणजे आजच्या झिंबाब्वेचं, तेव्हाचं गोरं सरकार साठ-सत्तरच्या दशकांतही फिनिशियन, अरब अशा परक्या बांधकाऱ्यांच्या कथा जिवंत ठेवत होतं आणि आपल्या पुरातत्त्व अधिकाऱ्यांवर दबाव आणत होतं. पीटर गार्लेक या अधिकाऱ्याने ते मानलं नाही आणि १९७०मध्ये त्याला देश सोडावा लागला. म्हणजे दंतकथा रचण्याचा मक्ता वस्तीतल्या मंडळांकडेच आहे असं नाही. फरक एवढाच की सरकारी दंतकथेला संग्रहालय, पाठ्यपुस्तक आणि पगार मिळतो.

यावरचा उपाय मंडळं बंद करणं हा नाही. फिलाडेल्फियाच्या बायकांची पेटी हा उपाय आहे. रॉडनी यांचं काम हा उपाय आहे. गुलामांच्या व्यापारावर लिहिताना त्यांनी युरोपची जबाबदारी कणभरही कमी केली नाही, पण वरच्या गिनी किनाऱ्यावरच्या आफ्रिकन राजांनी आणि सरदारांनी आपल्याच प्रदेशातली माणसं कशी विकली हेही पोर्तुगीज दप्तरं तपासून मांडलं. हे लिहिणारा माणूस वस्तीत बसू शकला, कारण तिथल्या लोकांना खुशामत नको होती. राज्यकर्ते आपले असले तरी ते आपल्याला विकू शकतात, हे किंग्स्टनच्या झोपडवस्तीत कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

असे अभ्यास लोकांना कोंडून घेतात, फक्त आपल्यापुरतं पाहायला लावतात, असंही म्हटलं जातं. अनुभव उलटा आहे, आणि त्याची साक्ष मराठीतच आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं ते अमेरिकेतल्या निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण करून. त्याच वर्षी त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. १९४६च्या सुमारास डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निग्रोंच्या निवेदनाची प्रत मागितली. स्वतःची स्थिती ज्यांनी खोलवर अभ्यासली, त्यांनाच हजारो मैलांवरच्या माणसाची स्थिती ओळखता आली.

राहिला प्रश्न विद्यापीठांचा. आता जगभर आफ्रिकन अभ्यासाचे विभाग आहेत, पदव्या आहेत, मग मंडळं कशाला? कारण जे सरकार देतं ते सरकार काढूनही घेतं. जानेवारी २०२३मध्ये फ्लोरिडाने शाळांतला कृष्णवर्णीयांच्या अभ्यासाचा प्रगत पाठ्यक्रम नाकारला. त्याच वर्षी जुलैत तिथल्या नव्या निकषांत असं आलं की गुलामांनी मिळवलेली कौशल्यं काही वेळा त्यांना वैयक्तिक फायद्यासाठी वापरता येत. मार्च २०२५मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी काढलेल्या आदेशात कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडेच बोट दाखवलं गेलं. फ्लोरिडातल्या कृष्णवर्णीय चर्चेसनी काय केलं? त्यांनी इतिहासाचे वर्ग स्वतःकडे सुरू केले. हे त्यांना एका रात्रीत सुचलं नाही. वुडसन यांनी १९१५ साली स्थापन केलेली संस्था आजही चालू आहे. १९२६पासून त्यांचा इतिहास-सप्ताह देशभर रुजवला तो शिक्षकांनी, स्त्रियांच्या क्लबांनी आणि चर्चेसनी. ती सवय शिल्लक होती म्हणून ती कामी आली.

आफ्रिकेत अडचण वेगळी आहे. तिथे काही ठिकाणी सामग्री आहे पण पोहोचलेली नाही. युनेस्कोने १९६४ साली आफ्रिकेच्या समग्र इतिहासाचा प्रकल्प घेतला. त्याचे आठ खंड बहुतांश आफ्रिकन अभ्यासकांच्या देखरेखीखाली तयार झाले, पहिला १९८१मध्ये आणि आठवा १९९३मध्ये आला. ट्रेव्हर-रोपर यांना याहून चोख उत्तर मिळणं शक्य नव्हतं. पण मूळ खंड इंग्रजी, फ्रेंच आणि अरबीत आहेत, जाडजूड आहेत, अभ्यासकांच्या भाषेत आहेत. लिमुरूच्या चहामळ्यावरची बाई किंवा सेनेगलमधला भुईमूग पिकवणारा शेतकरी ते उघडणार नाही. आज ते संगणकावर फुकट वाचता येतात, म्हणून काम झालं असं मानणाऱ्यांनी कामिरीथूची गोष्ट पुन्हा आठवावी. कुणीतरी दोन पानं गिकुयूत किंवा वोलोफमध्ये सांगायला हवीत. ऐकणाऱ्याने म्हणायला हवं की आमच्या भागात असं नव्हतं, माझी आजी वेगळं सांगायची. मग ते वेगळं लिहून घ्यायला हवं, तपासायला हवं, आणि पुस्तकातच चूक निघाली तर तसं कळवायला हवं.

यासाठी लागणारा खर्च मोठा नाही. एक खोली, आठवड्याची ठरलेली वेळ, एक वाचणारा आणि त्याला अडवायची मुभा असलेले दहा ऐकणारे. विद्यापीठांनी आपले अभिलेखागार या लोकांना ओळखपत्र न मागता उघडे करावेत, विद्यार्थ्यांना गुण द्यायचे तर अशा मंडळात वर्षभर बसल्याचे द्यावेत, आणि आफ्रिकन सरकारांनी आपल्या पाठ्यपुस्तकांचे कच्चे मसुदे छापण्याआधी तिथे वाचून घ्यावेत.